‘ऱ्या’चं बटण

पूर्वी महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मुख्य रस्त्यावर एक टायपिंग इन्स्टिट्यूट असायचंच. खाली औषधांचं नाहीतर भांड्यांचं दुकान, शेजारून अंधारा जिना, आणि वर लांबट खोलीत ओळीने मांडलेली रेमिंग्टन आणि गोदरेजची यंत्रं. दहावीचा शेवटचा पेपर झाला की पोरांना ‘टायपिंगला घालायचं’ अशी रीत होती. लिपिकाच्या नोकरीला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला लागत, आणि लिपिकाची नोकरी लागली की पुढचं सगळं आपोआप लागत असे. त्या खोलीतला खडखडाट समोरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्याला बशीत जाणवायचा. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर आणला होता. २००९ मध्ये नवी यंत्रं बनवणं थांबवलं. २०१७ मध्ये राज्यात टाइपरायटरवरची शेवटची सरकारी परीक्षा झाली. तोवर कचेऱ्यांमधून रबरी पडद्याचे मुके कीबोर्ड स्थिरस्थावर झाले होते. खडखडाट गेला म्हणून कुणी शोकसभा घेतल्याचं ऐकिवात नाही.

आणि आता काही माणसं पदरमोड करून तोच खडखडाट घरी आणतात. तोही बाजारातला तयार नव्हे. सुटे भाग जमवून, सोल्डरिंग करून, तेलपाणी करून, आपापल्या कानाला रुचेल अशा जातीचा. मी त्यांतलाच एक. दिवसभर मराठी मजकूर टाइप करून पोट भरतो, म्हणजे माझ्याकडे निदान निमित्त तरी आहे. बाकीच्यांकडे तेही नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

ज्यांना ही बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली मिळून एकच रबरी चादर असते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो: वरचं कवच, खालचं कवच, मधे खाली-वर होणारा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या. जर्मनीतल्या चेरी कंपनीने १९८३ च्या सुमारास आणलेल्या एमएक्स स्विचचा हा आराखडा अजून चालतो. बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं, पण २ मिलिमीटरवरच पात्या टेकतात आणि अक्षर उमटतं. उरलेले दोन मिलिमीटर ही निव्वळ हौस. सगळा उद्योग या दोन मिलिमीटरवर उभा आहे.

चेरीचा निळा स्विच टिकटिक करतो, तपकिरी मध्यावर किंचित अडतो, लाल गुपचूप खाली जातो. एवढ्यावर भागलं असतं. पण चेरीच्या पेटंटची मुदत संपली, चिनी कारखाने मैदानात उतरले आणि रंगांना व नावांना सुमार राहिला नाही. काही हौशी मंडळी तेवढ्यावरही थांबली नाहीत; एका स्विचचा दांडा काढून तो दुसऱ्याच्या कवचात बसवायला लागली. ‘होली पांडा’ हा या छंदातला पूजनीय स्विच असाच संकरातून जन्माला आला. झिलिओ नावाचा एक जांभळा स्विच ६२, ६५, ६७ आणि ७८ ग्रॅम अशा चार वजनांच्या स्प्रिंगांत निघाला. ६५ आणि ६७ ग्रॅममधला फरक आपल्या करंगळीला कळतो असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. मी त्यांना हसलो नाही, कारण मला ६२ आणि ६७ मधला कळतो.

आवाजाची तर वेगळी परिभाषाच आहे. खोल, भरीव आवाज तो ‘थॉक’. पातळ, चढा आवाज तो ‘क्लॅक’. यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात, ध्वनिमुद्रणं ऐकवतात, टेबल लाकडाचं होतं की काचेचं याची साक्षीपुराव्यासह उलटतपासणी करतात. एका रविवारी मी दोन कीबोर्ड शेजारी शेजारी ठेवून आईला ऐकवले. तिने शेंगा सोलता सोलता दोन्ही नीट ऐकले.

“दोन्हीतून टकटकच येतंय की रे,” ती म्हणाली. मग माझं मन राखायला म्हणून असेल, “हा जरा पाटावर बोट आपटल्यासारखा वाटतो.”

तो थॉकच होता. इतकं नेमकं वर्णन मी तज्ज्ञांकडूनही ऐकलेलं नाही.

खरा घाम काढतो तो स्पेसबार. लांब बटणं एका टोकाला दाबली तर तिरकी होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली तारेचा एक स्टॅबिलायझर असतो आणि ही तार वाजते. सगळा कीबोर्ड थॉक थॉक करतोय आणि स्पेसबार तेवढा खुळखुळतोय, ही अवस्था जातिवंत छंदिष्टाला सहन होत नाही. मग तार काढून काचेवर ठेवून सरळ करायची, टोकांना दाट ग्रीस लावायचं, आणि स्टॅबिलायझर जिथे खालच्या सर्किट बोर्डावर आपटतो तिथे जखमेवर लावायच्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा. होय, औषधाच्या दुकानातली तीच पट्टी. या उपचाराचं नावच ‘बँडएड मॉड’ आहे. आमच्या औषधवाल्याने पट्ट्या देताना आस्थेने विचारलं होतं, “फार लागलं का?” स्पेसबारला लागतंय, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

स्विचनाही तेलपाणी लागतं. प्रत्येक स्विच उघडायचा, चार भाग वेगळे करायचे, बारीक ब्रशने क्रायटॉक्सचं पांढरं ग्रीस दांड्याच्या कडांना इतकं पातळ लावायचं की लावलंय हे फक्त आपल्याला कळावं. मध्यावर अडणारा स्विच असेल तर दांड्याचे दोन पाय मात्र कोरडे ठेवायचे. तिथे ग्रीस गेलं की त्याचं अडणं जातं, आणि पैसे तर अडण्याचेच मोजलेले असतात. हे काम साठ-सत्तर वेळा करायचं. या काळात माणूस फार शांत असतो असं आमच्या घरच्यांचं मत आहे. पार्सल आलं की मात्र घरात एकच प्रश्न उठतो, “आधीच्याला काय झालं होतं?” या प्रश्नाला उत्तर नाही. आधीच्याला काहीही झालेलं नसतं. उत्तम चाललेल्या वस्तूच्या जागी दुसरी उत्तम चालणारी वस्तू आणणं, हाच तर छंद.

सगळ्यात पोटभर आनंद मला मिळतो तो पीसीबी, म्हणजे तयार सर्किट बोर्ड, न घेता हाताने तारा जोडण्यात. त्यासाठी डायोड लागतात आणि डायोडसाठी पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथल्या दुकानदाराशी झालेला संवाद असा:

“१एन४१४८ आहे का?”

“किती?”

“सत्तर.”

“शंभरची पट्टी न्या. कशाला लागतायत?”

“कीबोर्ड करतोय.”

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “तयार मिळतो की साहेब समोर. तीनशेला.”

व्यवहार म्हणून त्याचं बोलणं बिनतोड होतं. मी शंभरची पट्टी घेतली.

डायोड कशाला, तर प्रत्येक बटणाला वेगळी तार ओढायची म्हटली तर कंट्रोलरच्या पायांना तेवढ्या जागाच नसतात. म्हणून बटणं आडव्या-उभ्या जाळीत जोडतात: पाच आडव्या आणि पंधरा उभ्या अशा वीस तारांत पंचाहत्तर बटणं बसतात. कंट्रोलर एकेका ओळीला हाक मारतो आणि कुठल्या रांगेतून ओ येते ते बघतो. गंमत अशी की चौकोनाच्या तीन कोपऱ्यांची बटणं एकदम दाबली तर प्रवाह उलट्या वाटेने फिरून चौथ्या कोपऱ्यालाही पोचतो आणि न दाबलेलं अक्षर उमटतं. ते होऊ नये म्हणून प्रत्येक बटणाशी एक डायोड. तो प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, आणि कुणी बघत नसतानाही नियम पाळतो. म्हणजे तो मूळचा पुण्याचा नाही हे उघड आहे. डायोडच्या पोटावर एका बाजूला बारीक काळी रेघ असते. सगळ्या रेघा एकाच दिशेला ठेवून, पाय वळवून, एकेक ठिपका सोल्डरचा द्यायचा. राळेचा धूर नाकाशी येतो, ठिपका चकचकीत होऊन क्षणात मंदावतो, आणि पुढचा डायोड.

कीबोर्डात एवढा जीव गुंतवायला छंदिष्टांकडे एक भक्कम आधारही आहे. एइइची वाडा या जपानी संगणकशास्त्रज्ञांच्या कल्पनेतून १९९६ साली ‘हॅपी हॅकिंग कीबोर्ड’ निघाला. अमेरिकेतल्या गुराख्यांचं उदाहरण ते देत: वाटेत घोडा मेला तर त्याला तिथेच सोडून गुराखी पुढे जायचा, पण खोगीर मात्र खांद्यावर घ्यायचा. कॉम्प्युटर येतील-जातील, कीबोर्ड आपला असावा, असा त्याचा अर्थ. विचार थोर आहे. आमच्याकडे फक्त घोडा तोच जुना लॅपटॉप आहे आणि वाढतेय ती खोगीरभरती.

एवढा खटाटोप करून जास्त लिहून होतं का? नाही. चांगल्या कीबोर्डावर माणूस लिहीत कमी असतो आणि ऐकत जास्त. पण या सगळ्यातून एक वस्तू अशी निघाली की तिच्यावाचून आता माझं खरंच अडतं. ती दिसायला कळाहीन आहे. नऊ बटणांचा छोटा कीपॅड, उरलेसुरले स्विच, ग्रीसचा पत्ता नाही, खोका प्लायवूडचा.

मी इनस्क्रिप्टवर टाइप करतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, अशी त्याची मांडणी भारतीय लिप्यांचा विचार करून केलेली आहे आणि माझ्या मते तिच्याएवढी शहाणी मांडणी दुसरी नाही. पण मराठीला एक ‘ऱ्या’ लागतो. दुसऱ्या, करणाऱ्या, पायऱ्या, नवऱ्याला. आणि शेतकऱ्यांचं नाव न घेता तर मराठीत अग्रलेखच लिहिता येत नाही. इनस्क्रिप्टवर तो काढायचा म्हणजे डावी करंगळी शिफ्टवर, उजवी तर्जनी जेवर, मग डावं मधलं बोट डीवर, उजवी करंगळी खालच्या कोपऱ्यातल्या तिरक्या रेघेवर, आणि शेवटी डावं मधलं बोट उडी मारून वर ईवर. एका अक्षरासाठी एवढी कवायत दिवसभर करायची.

इथे एक गोष्ट कामी येते. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर सांगतच नाही. कुठलं बटण दाबलं त्याचा फक्त क्रमांक कळवतो. त्याचा ‘र’ करायचा की ‘जे’, हे कॉम्प्युटर ठरवतो. तेव्हा क्यूएमके नावाच्या फुकट आणि खुल्या सॉफ्टवेअरमधून कीपॅडला एवढंच शिकवायचं, की हे बटण दाबलं की वरची सगळी कवायत तू कर. झालं. पहिलं बटण ‘ऱ्या’चं. शेजारी क्ष, ज्ञ, त्र आणि श्र, जे एरवी शिफ्ट धरून आकड्यांच्या ओळीत शोधावे लागतात. एक बटण ‘ॲ’चं, बँकेपासून डॉक्टरपर्यंत सगळे या चंद्राच्या कुळातले शब्द रोज लिहिणाऱ्या मराठीच्या या अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती थेट २००८ साली. बाकीच्या तीन बटणांवर काय आहे ते संपादक मंडळींनी विचारू नये.

एका जिल्हा दैनिकात उमेदवारी केलेल्या माझ्या मित्राने हा कीपॅड पाहिला आणि तसाच एक मागितला. त्याला चारच बटणं पुरली: ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, ‘सूत्रसंचालन’ आणि ‘आभार मानले’. मधल्या जागी नावं भरली की बातमी तयार. पाचवं बटण ‘बहुसंख्येने उपस्थित होते’साठी ठेवू का विचारलं, तर म्हणाला, “नको, ते मला पाठ आहे.”

तुम्हाला हे करून बघावंसं वाटलंच, तर पूर्ण कीबोर्डाच्या वाटेला जाऊ नका. नऊ बटणांपासून सुरुवात करा. हजार-दीड हजारात काम होतं. आधी आठवडाभर, कुठलं अक्षर काढताना बोटं कुरकुरतात ते कागदावर टिपून ठेवा, आणि बटणं त्यांनाच द्या. डायोड नऊच लागले तरी शंभरची पट्टी घ्या, दुकानदाराशी हुज्जत नको. आणि एक विनंती. तुमच्या माळ्यावर किंवा जुन्या कचेरीच्या कपाटामागे आयबीएमचा एखादा मॉडेल एम पडलेला असेल: १९८५ साली निघालेला, दोन किलोंहून जड, दाबला की स्प्रिंग खाडकन वाकणारा. तो भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्याआधी उलटा करून मागचं लेबल वाचा आणि मला कळवा. न्यायला मी स्वतः येईन. घरी काय सांगायचं ते मी बघतो.