संधिवात

मला संधिवात आहे. गुडघ्यांत नाही, मोबाइलमध्ये. पहाटे साडेपाचला पहिली कळ येते: 'डियर सर, प्लीज सर्क्युलेट.' मग दिवसभर ठणका. रात्री ११ वाजून ५८ मिनिटांनी शेवटची उसळी: 'रजिस्ट्रेशनची शेवटची दोन मिनिटं, त्वरा करा!' आणि पुढे रॉकेटची तीन चित्रं.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोरांना डेटा स्ट्रक्चर्स शिकवतो, असं घरी सांगतो. ते अगदीच खोटं नाही. आठवड्याला चार तास शिकवतोही. पण गेली दोन वर्षं माझी खरी ओळख 'आगामी उपक्रम व संधी समन्वयक' अशी आहे. विभागाच्या मीटिंगला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो आणि तेवढ्यात एकमताने निवडून आलो होतो. उशीर का झाला, तर आधीच्या समन्वयकांना राजीनामा टाइप करून देत होतो. त्यांनी तो इतका घाईने का मागितला, हे मीटिंगमध्ये कळलं.

काम म्हटलं तर सोपं. जगाच्या पाठीवर कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यासाठी जे जे म्हणून आगामी असेल, ते पोरांच्या ग्रुपवर टाकायचं. वेबिनार, वर्कशॉप, बूटकॅम्प, कॅम्पस अँबॅसडर, आणि अर्थातच हॅकॅथॉन. १९९९ च्या जूनमध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात ओपनबीएसडीचे दहाएक प्रोग्रॅमर एकत्र बसून काम करत होते, तेव्हा त्या बैठकीला हे नाव पडलं. तिथे दीपप्रज्वलन झालं नसावं. आता मॅरेथॉनचं शेपूट कापून कशालाही चिकटवलं की कार्यक्रम तयार होतो: आयडियाथॉन, डेटाथॉन, डिझाइनथॉन. परवा एकाने 'प्रॉम्प्टथॉन' पाठवलं. त्यात धावायचं नाही, कोडही लिहायचं नाही. यंत्राला नम्रपणे विचारायचं, आणि जो सगळ्यात नम्र त्याला पहिलं बक्षीस.

सुरुवातीला माझी समजूत होती की पोरांना संधी हवी असते. पहिल्याच महिन्यात ती फिटली. संधीला पोरं हवी असतात. कार्यक्रम ठरलेला असतो, पाहुणे ठरलेले असतात, बॅनर छापून आलेला असतो, फक्त खुर्च्यांवर बसायला माणसं नसतात. त्यामागे शास्त्र आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ पासून आहे. तिचे निकष सात, आणि पाचवा विद्यार्थ्यांना मिळणारा आधार आणि त्यांची प्रगती यांबद्दल. निकष चांगलाच आहे. पण प्रगती फायलीला लावता येत नाही, कार्यक्रमाचा अहवाल लावता येतो. म्हणून आमच्याकडे प्रगती म्हणजे एक पानी अहवाल, सह्यांचं हजेरीपत्रक, अभिप्रायाचे फॉर्म आणि दोन जिओ-टॅग्ड फोटो. जिओ-टॅग्ड म्हणजे ज्याच्या खालच्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ उमटते तो फोटो. विद्यार्थ्याची प्रगती नेमकी कुठल्या रेखांशावर झाली, ते त्यावरून कळतं.

ऑगस्टमधलाच कार्यक्रम घ्या. विषय 'एआयच्या युगातील आगामी संधी'. पाहुणे कुठल्याशा कंपनीचे उपाध्यक्ष. (आयटीत उपाध्यक्ष ही जमात मोठी आहे. हिंजवडीच्या सिग्नलला अडकलेल्या दर चौथ्या गाडीत एक सापडतो.) हॉल साडेतीनशे खुर्च्यांचा. तिसऱ्या वर्षाची पोरं आली अडुसष्ट. एचओडी मॅडमनी दारातून एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "सर, फोटोत मागचं निळं कापड दिसतंय." खुर्च्यांचं कापड निळं आहे. मी धावत जाऊन मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचा थर्मोडायनॅमिक्सचा तास उठवून आणला. ती पोरं आनंदाने आली. त्यांना विषय कोणताही चालला असता.

पंखे बंद करून समई लावली, समई लागली म्हणून पंखे सुरू केले, पंखे सुरू झाले म्हणून समई विझली. मग स्वागत. हल्ली शाल-श्रीफळ देत नाहीत, रोपटं देतात. ते पाहुणे जाताना हटकून टेबलावर विसरतात, म्हणून एकच रोपटं आम्हाला गेली चार भाषणं पुरलं आहे. आता त्याला फुलंही आली आहेत.

पाहुण्यांनी सव्वा तास तळमळीने सांगितलं. स्लाइड क्रमांक ३८ वर मथळा होता, 'या संधी सोडू नका', आणि त्याखाली पहिलंच नाव गूगल कोड जॅम. मागच्या रांगेतून मुलीचा आवाज आला, "सर, ती २०२३ मध्येच बंद झाली." २००३ ला सुरू झालेली स्पर्धा, वीस वर्षं चालली आणि गूगलने गुंडाळली, हे हॉलमध्ये बऱ्याच जणांना ठाऊक होतं. पाहुणे क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एक्झॅक्टली. म्हणूनच मी म्हणतो, संधी सोडू नका." टाळ्या झाल्या. मेकॅनिकलने जास्त वाजवल्या.

खरा घोटाळा नंतर झाला. पाहुणे गाडीत बसून गेल्यावर मी फोटो पाहिले, तर कोपऱ्यातला पत्ता कॉलेजचा नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती म्हणून ॲपने शेवटचं आठवणारं ठिकाण छापलं होतं, आणि ते होतं मी सकाळी जिथे चहा प्यायलो ते अमृततुल्य. हॉलभर विद्यार्थी आणि एक उपाध्यक्ष सरकारी दृष्टीने टपरीवर होते. मॅडम म्हणाल्या, फोटो पुन्हा काढा. पण पाहुणे? शेवटी आमच्या शिपाई मामांना कोट चढवून पाठमोरं उभं केलं आणि हातात रोपटं दिलं. मामांनी मात्र पाठमोऱ्या अवस्थेतही हात वर करून अशी काही मुद्रा घेतली, की मूळ पाहुण्यांपेक्षा फोटो बोलका आला. अहवालात तोच लावला आहे.

पोरांचं म्हणाल तर तीही या खेळात कच्ची नाहीत. सर्टिफिकेट मिळतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न. टी-शर्ट आहे का, हा दुसरा. टी-शर्टने तर एकदा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला घाम फोडला होता. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ मध्ये हॅक्टोबरफेस्ट सुरू केला: ऑक्टोबरात मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना ठरावीक संख्येने दुरुस्त्या पाठवा, टी-शर्ट मिळवा. २०२० मध्ये लोकांना सोपा मार्ग सापडला. प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे दोन शब्द चिकटवायचे आणि पाठवून द्यायचं. फुकट राबणाऱ्या प्रकल्पकर्त्यांच्या दारात अशा दुरुस्त्यांचे ढीग साचले, आणि महिना संपायच्या आत कंपनीला नियम बदलावे लागले. या पुरात आपल्या देशाचा वाटा चांगलाच होता, हे कुणी अभिमानाने सांगत नाही. २०२३ मध्ये टी-शर्टच बंद झाला. आमच्या वर्गात एकाकडे त्या काळातला आहे, मोठ्या भावाकडून आलेला. तो घालून आला की पोरं त्याच्याकडे पानिपताहून परतलेल्या माणसाकडे पाहावं तशी पाहतात.

इंटर्नशिपची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्या वेळी काम करणाऱ्याला पैसे मिळायचे. आता पोरगं ९९९ रुपये भरतं, मग त्याला काम मिळतं. काम म्हणजे कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट आणि फुली-गोळ्याचा खेळ, यांपैकी कुठलेही दोन. ते इंटरनेटवर आयते पडलेले असतात, ते उतरवून पाठवायचे, की महिन्याने 'अत्यंत समर्पित वृत्तीने' असं लिहिलेलं पत्र येतं. एका पोराला कामाला सुरुवात करायच्या आधीच पूर्ततेचं पत्र आलं. मी विचारलं, हे कसं रे? तो म्हणाला, "सर, प्रीमियम घेतलं होतं."

आणि स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन. केंद्र सरकारने २०१७ पासून चालवलेली ही स्पर्धा, आणि वाईट नाही. मंत्रालयं आपापल्या अडचणी मांडतात, पोरांनी त्या सोडवायच्या. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तासांची. चमूत सहा जण, आणि त्यांत किमान एक मुलगी हवीच, असा नियम आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू उत्तम. आमच्या पोरांनी त्याचा अर्थ असा लावला की पाच जणांनी कोड लिहायचं आणि सहाव्या जागेवरच्या मुलीने पीपीटी करायची. "तुझं डिझाइन छान असतं गं," असं म्हणून तिला निळ्या रंगाच्या कुठल्या छटा वापरायच्या ते सांगायचं. कॉम्प्युटरला मुली चिक्कार आहेत, कित्येक जणी या पाचांना बसल्या जागी शिकवतील. तरी चमू ठरताना फोन असाच येतो: "एक मुलगी कमी पडतीय, येतेस का?" मागच्या वर्षी रोल नंबर ४७ ला हा फोन आला. ती गेली, एक दिवस पीपीटी केली, दुसऱ्या दिवशी पाचांचं कोड वाचलं आणि तिसऱ्या दिवशी चमू सोडला. कोड वाचल्यावर मीही सोडला असता. गूगल कोड जॅमबद्दल मागून बोलली ती हीच.

काही गोष्टी ग्रुपवर टाकल्या तरी कुणी अंगठा वर करत नाही. आयसीपीसी ही कॉलेजांची जगातली सर्वांत जुनी आणि मानाची प्रोग्रॅमिंग स्पर्धा. तिघांचा चमू, पाच तास, आणि तिघांत कॉम्प्युटर एकच. एक प्रश्न सुटला की टेबलाला एक रंगीत फुगा बांधतात, बस. पाच तासांत एकही फुगा न मिळण्याची शक्यता दांडगी, म्हणून आमची पोरं तिकडे फिरकत नाहीत. कोडफोर्सेसवरच्या स्पर्धा बहुधा आपल्याकडे रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी सुरू होतात, आणि होस्टेलच्या मेसमध्ये गरम पोळ्याही नेमक्या तेव्हाच असतात. तिथे पोळ्या जिंकतात. मी दोष देत नाही, मीही मेसमध्ये जेवलेला माणूस आहे.

तर ही ४७. ऑक्टोबरात डिफॉल्टर लिस्ट लागली, त्यात तिचं नाव. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली. माझ्याच पाच आगामी कार्यक्रमांना गैरहजर, म्हणून आणखी घसरली. मी बोलावून विचारलं, कुठे असतेस? म्हणाली, लॅबमध्ये. करतेस काय? तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर शोधताना 'दऱ्या' हा शब्द कधी सापडे, कधी सापडत नसे. कारण मजेशीर आहे. 'दऱ्या'तला तो पापणीसारखा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा र घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डवर लिहिलेल्या दऱ्या दुसऱ्या कीबोर्डवाल्याला सापडत नाहीत. तिने दोन्हींना एकच समजणारी दुरुस्ती लिहिली होती. पलीकडच्या देशातल्या कुणा माणसाने, ज्याला मराठीचा गंध नाही, ती सात वेळा परत पाठवली होती: इथे चाचणी नाही, तिथे हिंदीवर काय परिणाम होईल, हे नाव नीट नाही. चार महिने हेच चाललं होतं. आठव्यांदा मात्र स्वीकारल्याची जांभळ्या रंगाची पट्टी आली होती.

"मर्ज झालंय, सर."

"सर्टिफिकेट?"

"तसं काही देत नाहीत."

"मग तुला काय मिळालं?"

ती जरा गोंधळली. "दऱ्या सापडतात आता," म्हणाली.

मी एचओडी मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. पाचवा निकष! अहवाल करा म्हणाल्या, आणि हजेरीचं मी बघते. लॅब तळघरात, तिथे रेंज नाही, म्हणून ४७ ला लॅपटॉपसकट पार्किंगमध्ये आणलं. उन्हात पडद्यावरचं काही दिसेना, तेव्हा मामा तिच्यावर छत्री धरून उभे राहिले. जाऊन रोपटंही घेऊन आले. ते देणार कोण, यावर थोडी चर्चा झाली आणि मामांनीच दिलं. त्यांना सवय आहे. पत्ता या वेळी बरोबर उमटला.

संध्याकाळी अहवाल टाइप करून सहीसाठी तिच्यापुढे ठेवला. 'विद्यार्थिनीला लाभलेली आगामी संधी' असा मथळा. खाली दहा ओळी, अगदी शासकीय. तिने त्या शांतपणे वाचल्या, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्या कीबोर्डने 'दऱ्या'चं 'दर्या' केलं होतं.

"सर," ती म्हणाली, "हा समुद्र झाला."