हलू नका, हिमालय पडेल!

प्रत्येक सोसायटीत एक तरी गृहस्थ असे असतात, ज्यांच्या घरात वस्तूला वस्तू म्हणून राहायची मुभा नसते. तव्याची जळकी पाठ म्हणजे चंद्र, रवा म्हणजे बर्फ आणि फ्लॉवरचा गड्डा म्हणजे आषाढातला ढग. त्या घरी फ्लॉवरची भाजी आभाळ निवळल्यावरच होते.

रविवारी सकाळी त्यांची बेल वाजवू नये. डायनिंग टेबलावर हिमालय उभा असतो. खिडकीला बटर पेपर, उजेड परतवायला थर्माकोल, या सगळ्याचा फोटो काढायला डब्यांच्या चळतीवर मोबाइल. रवा उडेल म्हणून पंखा बंद. घामाघूम बायकोने कोथिंबिरीची जुडी उचलली, की आरोळी येते, "अगं, देवदार आहेत ते!" पानांवरचं दव ग्लिसरीनचं, पाण्याचे थेंब सुकतात, हे टिकतात. त्यामुळे दुपारच्या कोशिंबिरीकडे सगळेच संशयाने बघतात.

कुणी हसलं, की दाखले सुरू. जपानचे तात्सुया तानाका २०११ पासून रोज असं एक चित्र करतात, ब्रोकोलीचं झाड करतात! आणि आपले दादासाहेब फाळके? 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं टिपत पडद्यावर वाढवलं होतं!

"अहो, त्यांनी वाटाणा अडवला होता," बायको म्हणते, "तुम्ही अख्खा भाजीबाजार अडवलाय."

या कलेचं मर्म एकच: भास फक्त एका जागेवरून खरा. भिंगापाशी डोळा नेला, की गिर्यारोहक शिखर चढताना दिसतो. वीतभर सरकलं, की उरतो रवा आणि केकवरचा प्लास्टिकचा बाहुला. म्हणून ते पाहुण्यांना खांद्याला धरून वाकवतात. "एक डोळा मिटा. दिसला?" पाहुण्यांना चहा हवा असतो, पण घरातली सगळी साखर तेव्हा धबधब्यात गुंतलेली असते.

हे मर्म नेमकं उचललं ते चिरंजीवांनी. बाबांच्या खुर्चीवरून बघाल, तर मुलगा भूगोलात बुडालेला. आईच्या ओट्यावरून बघाल, तर पुस्तकाआड मोबाइल. परवा बाबांनी कौतुकाने त्याचा फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'आमचा अभ्यासू'. मागे शोकेसच्या काचेत गेमचा स्कोअर लख्ख दिसत होता.

एरवी हिमालयाला दोन अंगठे मिळतात. या फोटोवर मात्र प्रतिसादांचा पाऊस पडला: "काका, हा भास अगदी फसवा जमलाय!"

काकांनी सर्वांचे मनापासून आभार मानले.