माझ्याकडे तर चालतंय

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या घरी बग कधीच नसतो. तो नेहमी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या संगणकावर, शक्यतो दुसऱ्या तालुक्यात असतो. लिहिणारा प्रामाणिकपणे म्हणतो, ‘माझ्याकडे तर चालतंय.’ समोरचा तितक्याच प्रामाणिकपणे म्हणतो, ‘इथं नाही चालून राह्यलं जी.’ दोघंही खरं बोलत असतात, हीच अडचण. एक जण खोटारडा निघाला असता तर भांडण केव्हाच मिटलं असतं.

एकच प्रोग्रॅम विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड अशा चार ठिकाणी नांदवायचा, तर चारही ठिकाणची यंत्रं हाताशी लागतात. मोठ्या कंपन्यांकडे ती खोल्या भरभरून असतात. ओपन सोर्सवाल्यांकडे, म्हणजे कोड उघडा ठेवून तो फुकट वाटणाऱ्यांकडे, बहुधा एक जुना लॅपटॉप असतो. मी ज्या छोट्याशा देवनागरी एडिटरच्या नादी लागलोय, त्याचा कोड लिहिणारे जगभर पांगलेले आहेत. टेस्टर मात्र बरेचसे वर्धा जिल्ह्यातले, ओळखीपाळखीतून मीच धरून आणलेले. हिंगणघाटचे एक निवृत्त गुरुजी आहेत, आर्वीचा एक झेरॉक्सवाला आहे, सेवाग्रामला शिकणारी एक मुलगी आहे जिचं सगळं जग मोबाइलवर चालतं. मानधन कुणालाच नाही. मान आहे, तोही बग सापडेपर्यंत.

तक्रार कशी नोंदवावी याचा एक फॉर्म असतो. मी तो मराठीत करून सगळ्यांना पाठवला. आर्वीहून लगेच भरून आला. ‘तुम्ही काय केलं?’ – ‘काही नाही केलं.’ ‘काय व्हायला हवं होतं?’ – ‘चालायला हवं होतं.’ ‘प्रत्यक्षात काय झालं?’ – ‘नाही चाललं.’ सोबत स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यात ट्यूबलाइट, कॅलेंडरवरचा गणपती आणि फोटो काढणाऱ्याचा अंगठा, सगळं स्वच्छ होतं. बिघडलेली ओळ तेवढी उजेडात गेली होती. पण उत्तरांत खोट काढायला कुठंच जागा नव्हती.

गुरुजींचं तसं नाही. त्यांनी आयुष्यभर लाल शाईनं वह्या तपासल्यात. एका सकाळी त्यांचा फोन आला. “अरे, तुझ्या प्रोग्रॅमनं आचाऱ्यांचे आचार्य करून टाकले ना बाप्पा!”

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची कामांची यादी त्यांनी टाइप केली होती. लिहिलं होतं ‘आचाऱ्यांना तेल आणि बेसन पोचवणे’. फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली, तर ‘आचार्यांना तेल आणि बेसन पोचवणे’. दुसरीकडे हे हसण्यावारी गेलं असतं. पण पवनार ज्या जिल्ह्यात आहे तिथं आचार्य म्हणजे विनोबा, आणि विनोबांकडे भज्यांचं सामान पाठवणं म्हणजे जरा अतीच.

मी माझ्या लिनक्सवर तेच वाक्य टाइप करून पाहिलं. आचारी आचारीच राहिले. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच पोटदुखी थांबावी, तसं. मग फोनवरच एकेक कळ तपासायला बसलो.

“आता काय दाबलं, गुरुजी?”

“र.”

“मग?”

“हलन्त.”

“मग?”

“मग ते कंट्रोल, शिफ्ट आणि एक. काचेखाली चिठ्ठी ठेवलीय ना मी, त्याच्यात तसंच लिहिलंय.”

तिथं उलगडा झाला. ‘ऱ्य’मधला अर्धा र लिहायच्या युनिकोडमध्ये दोन वाटा आहेत. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा, ही एक. माझा कीबोर्ड तेच करतो. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे जोडणीचं एक चिन्ह, जे स्क्रीनवर दिसत नाही आणि जागाही अडवत नाही. गुरुजी या वाटेनं जात होते. आणि आमच्याच एका परदेशी सहकाऱ्यानं फाइल सेव्ह होताना न दिसणारा कचरा झाडून काढायची सोय करून ठेवली होती. माणूस स्वच्छतेचा भोक्ता, बाकीचा कोडही लख्ख. न दिसणाऱ्या गोष्टीला काही काम असेल, हे त्याच्या मनात यायचं कारण नव्हतं. चिन्ह झाडलं गेलं, र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसला आणि आचाऱ्याला बसल्या जागी पदवी मिळाली.

हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीवाले टेस्टर सुखात होते. नेपाळीला पडते. नोंदवलेल्या बगला दुसऱ्या कुणी दुजोरा द्यावा असा रिवाज आहे. हिंगणघाटच्या तक्रारीला तो काठमांडूहून आला. गंमत म्हणजे आमच्या ‘वर्धा’ला यातलं काहीच बाधत नाही, तिथं सरळ रफार आहे. पुलगावहून नदी ओलांडली की ‘वऱ्हाड’ लागतं, आणि तिथं सगळं मोडतं.

आम्हीच एकटे अडाणी असंही नाही. लिब्रेऑफिसमध्ये २०१७ सालच्या ५.३ व्हर्जनपर्यंत अक्षरं जुळवायचं काम विंडोजवर विंडोजची यंत्रणा करायची, मॅकवर मॅकची आणि लिनक्सवर हार्फबझ नावाची खुली यंत्रणा. एकच पत्र तीन घरी तीन तऱ्हांनी उमटायची सोय झाली म्हणायची. मग तिन्हीकडे हार्फबझच बसवलं. २०१८ च्या फेब्रुवारीत तर तेलुगूतलं ‘ज्ञा’ हे एक अक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनवरची ॲप्स धडाधड बंद पडायची. मोझिलातले मनीष गोरेगावकर यांनी खोदून पाहिलं, तर त्या अक्षरातही एक न दिसणारं चिन्ह दडलेलं निघालं. बंगाली आणि देवनागरीतल्या काही जोडाक्षरांनाही तोच धोका होता. एवढी श्रीमंत कंपनी, पण ज्ञानाच्या पहिल्याच अक्षराला आडवी झाली. हैदराबादची एखादी आजी टेस्टर असती तर सकाळच्या पहिल्या मेसेजलाच बोंब ठोकली असती.

बघणारे जितके जास्त, तितका बग लवकर उघडा पडतो, असा सिद्धान्त एरिक रेमंड यांनी १९९७ साली लिनक्सकडे बघून मांडला आणि त्याला लिनस टोरवाल्ड्सचं नाव दिलं. मला त्यात एक कलम घालावंसं वाटतं. बघणारे पुष्कळ असतात, पण बघितलेलं सांगायला तोंड लागतं. आर्वीच्या झेरॉक्सवाल्याला मी विचारलं, तुला हे आचार्य-प्रकरण कधी दिसलंच नाही का?

“दिसलं ना भाऊ. केव्हाचं दिसून राह्यलं.”

“मग सांगितलं काऊन नाही?”

“मी आचारी लिहीतच नाही. स्वयंपाकी लिहितो.”

त्याच्या लग्नपत्रिकांत ‘नवऱ्या मुलाकडून’च्या जागी ‘वरपक्षाकडून’ आलं होतं. ‘दुसऱ्या दिवशी स्वागत समारंभ’ जाऊन थेट तारीखच छापली जायची. गिऱ्हाइकांना भाषा भारदस्त वाटायची म्हणे. इतका सोशिक माणूस घरात असावा, शेजारी असावा, पण टेस्टरांत नसावा. बिघाडाला वळसा घालून जाणाऱ्यांनी सॉफ्टवेअरचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं शिव्या घालणाऱ्यांनी नक्कीच केलेलं नाही. ज्याला राग येतो आणि जो तो राग कळ-कळ करून सांगू शकतो, असा माणूस मिळणं फार कठीण. कोड लिहिणारे त्यामानानं पैशाला पासरी.

अर्थात रागालाही कधी कधी प्रोग्रॅमबाहेरचं कारण असतं. एडिटर दुपारी आपोआप बंद पडतो, अशी सेलूहून मे महिन्यात तक्रार आली. जर्मनीतल्या सहकाऱ्यानं काळजीनं संगणकाच्या नोंदींची फाइल मागवली. त्याला मी फक्त इथलं त्या दिवशीचं तापमान कळवलं. पंचेचाळीसच्या पुढं गेलं की आमच्याकडे माणसंही दुपारी आपोआप बंद पडतात.

सेव्ह करतानाचा झाडू आता काढलाय. गुरुजींचं मात्र समाधान नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथली, वर्ध्याची, १९३६ सालची. तिच्या जुन्या पुस्तकांतून इ, उ, ए ही अक्षरं ‘अि’, ‘अु’, ‘अे’ अशी छापलेली सापडतात. विनोबांची लोकनागरीही त्याच वळणाची. छापखान्यातले खिळे कमी लागावेत, यंत्राला सोपं जावं, म्हणून केलेली सुधारणा. आता यंत्रंच तिच्यावर अडतात. काही ठिकाणी ती सरळ उमटते, काही ठिकाणी मात्रेच्या पोटात टिंबांचं एक वर्तुळ येतं, आणि ‘इमारत’ शोधायला सांगितलं तर ‘अिमारत’ सापडत नाही. गुरुजींनी रीतसर फॉर्म भरला, एकही रकाना रिकामा न सोडता. परदेशी सहकाऱ्यानं सभ्यपणे विचारलं की ही टंकनातली चूक समजायची की लेखनपद्धती. गुरुजींना ‘चूक’ हा शब्द लागला. पुढं तक्रारीवर नेहमीचा शेरा पडला, ‘अधिक माहिती हवी’. त्याच रात्रीपासून ते एका अख्ख्या पुस्तकाचे पानापानाचे फोटो पाठवतायत. सध्या प्रस्तावना चालू आहे.