दगडवाले सर

सरांच्या घरातली एकही काच धड नाही. फुटलेली नाही, ओरखडलेली आहे. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, कॅल्साइट काढत नाही. आणि हातातला पांढरा दगड यांपैकी कोणता, हे ठरवायला सरांना खिडकी सगळ्यांत सोयीची पडते. दुसरी परीक्षा लिंबाची. भुकटीवर रस पिळला आणि बारीक फेस आला की कॅल्साइट. नांदेडात लिंबू महागलं की काकू बाजाराआधी सरांच्या खिशात हात घालतात.

रविवारी चर्चमधली उपासना संपली की मंडळी आवारात एकमेकांना सलाम करत रेंगाळते. सरांचं कुटुंब तोवर हातोडी घेऊन निघालेलं असतं. पोरगा पिशवी धरतो, पोरगी चिकटपट्टीवर नंबर घालते, काकू जुन्या टूथब्रशने माती काढतात. कुठं नवी विहीर खणलेली दिसली की चौघं ढिगाऱ्यावर. लोह्याकडच्या एका म्हाताऱ्यानं दोन्ही पोरांना निरखून हळूच विचारलं, "यात पायाळू कोन हाय?" गुप्तधनवाले आलेत अशी त्याची खात्री झाली होती. सरांनी त्याला तिथंच धिरड्याची उपमा देऊन सांगितलं : लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, जाळी पडली, त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट ही झिओलाइट भावंडं वाढली. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे सोनं न्हाई," म्हणाला आणि बिडी पेटवली.

हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चर्चच्या आवारात सर हा आकडा जरा हळू बोलतात. फाटक ओलांडलं की आवाज पूर्ववत. संडे स्कूलमध्ये मात्र त्यांना आवरणं कठीण. याकोबाच्या स्वप्नातली शिडी आणि देवदूत मुलांना हवे असतात; सर अडकतात त्याच्या उशाच्या दगडाशी. तो दगड चुनखडक असेल की गारगोटी? महायाजकाच्या उरपटावरच्या बारा रत्नांवर त्यांनी तीन रविवार घालवले होते. चौथ्या रविवारी पाळकसाहेबांनी मुलांना गाणी शिकवायला घेतली.

सरांचं दैवत म्हणजे स्टीफन हिस्लॉप. अर्थात देवानंतरचं. १८४५ साली नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी सहकारी रॉबर्ट हंटरसोबत खडक आणि जीवाश्म गोळा करत हिंडला. एका हिरवट कॅल्साइटला त्याच्या नावावरून हिस्लोपाइट म्हणतात. "मिशनकार्य आणि दगड एकाच झोळीत!" असं सर म्हणाले की काकू भाकरी उलटता उलटता म्हणतात, "आणि १८६३ ला टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून परतताना ओढ्यात बुडाले, तेही सांगा."

काकूंचं माहेर किल्लारीकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं माणसांवर कशी आली, हे त्या सांगत नाहीत. घरात नियम मात्र एकच : दगड गुडघ्याच्या वर ठेवायचा नाही. सरांनी काचेचं उंच कपाट करून घ्यायचं एकदा काढलं होतं. काकू काहीच बोलल्या नाहीत, आणि सरांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. त्यामुळे अख्खा संग्रह पलंगाखाली, पत्र्याच्या डब्यांत. पाहुण्याला देगलूरचा ग्रॅनाइट बघायचा तर आडवं व्हावं लागतं.

१० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीकडे भूकंप झाला, हादरा आमच्यापर्यंत आला. सगळी गल्ली रस्त्यावर. सर टॉवेलवर, हात रिकामे, पोरं मोजतायत. काकू सगळ्यांत शेवटी आल्या, कडेवर मूल घ्यावं तसा झिओलाइटचा डबा घेऊन.

सर बघतच राहिले.

"पायात आला म्हणून उचलला," काकू म्हणाल्या, आणि झाकण उघडून एकेक नंबर तपासायला लागल्या.