अर्ध्या वाटेवरची बॅट

बेसबॉल पाहायला आलेलं कुणीही फर्स्ट बेसच्या अंपायरकडे बघत नाही. सगळा खेळ होम प्लेटपाशी चाललेला असतो. तिथून नव्वद फुटांवर फर्स्ट बेस, आणि त्याच्याही थोडा मागे हा गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून, किंचित वाकून, आपलं काम कधी निघेल याची वाट बघत उभा. मग एखाद्या चेंडूला सगळं पालटतं. कॅचर उकिडवा बसल्या बसल्याच त्याच्या दिशेनं बोट करतो, होम प्लेटचा अंपायर मुखवटा सावरत त्याच्याकडे हात दाखवतो, आणि इतका वेळ ज्याचं अस्तित्वही कुणाच्या गावी नव्हतं त्याच्याकडे चाळीस हजार माना वळतात. प्रश्न एकच असतो. तो तिकडे उभा असलेला इसम, त्याला आत्ता मारायचं होतं की नव्हतं?

झालेलं असतं इतकंच, की बॅटरनं बॅट काढली आणि मध्येच आवरली. ताशी दीडशे किलोमीटरनं सुटलेला चेंडू होम प्लेटपर्यंत यायला सेकंदाचे जेमतेम चार दशांश घेतो, आणि त्यातले बरेचसे तो कसला चेंडू आहे हे ओळखण्यातच खर्ची पडतात. उरलेल्या वेळात मन ‘मार’ म्हणतं, कंबर वळते, खांदे निघतात, आणि नेमका तेव्हाच चेंडू खाली आणि बाहेर वळायला लागतो. मनाचा दुसरा निरोप, ‘थांब’, पहिल्याच्या मागोमाग धावत सुटतो. तो मनगटांपर्यंत वेळेत पोचला की नाही, एवढाच काय तो वाद. बॅट फिरली असं ठरलं तर स्ट्राइक. आवरली असं ठरलं आणि चेंडू हद्दीबाहेरचा असला तर बॉल. या प्रकाराला चेक स्विंग म्हणतात. होम प्लेटच्या अंपायरचे डोळे चेंडूवर खिळलेले असतात, बॅटचं काय झालं ते त्याला नीट दिसलेलं नसतं. म्हणून बॅटर उजव्या हाताचा असेल तर फर्स्ट बेसच्या आणि डावखुरा असेल तर थर्ड बेसच्या अंपायरला विचारायचं. त्यानं मूठ उगारली की स्ट्राइक. दोन्ही हात आडवे पसरले की वाचला.

हा खेळ तसा विलक्षण हिशेबी. होम प्लेट 17 इंच रुंद असावी, बॅट कुठेही 2.61 इंचांपेक्षा जाड नसावी, असं त्याचं नियमपुस्तक सांगतं. इंचाच्या त्या शेवटच्या शतांशासाठी कुणीतरी नक्कीच रात्र जागवली असणार. पण अर्धी फिरलेली बॅट फिरली असं नेमकं कधी म्हणायचं, याबद्दल तेच पुस्तक गप्प आहे. बॅटरनं चेंडूवर बॅट चालवली आणि ती चुकली तर स्ट्राइक, एवढंच ते म्हणतं. चालवली म्हणजे काय, ते तुमचं तुम्ही बघा. पोकळी दिसली की तिथे लोकपरंपरा घर करते, तशी इथेही केली आहे. कुणी म्हणतं मनगटं वळली की संपलं, कुणी म्हणतं बॅटचं टोक प्लेटच्या पुढच्या कडेपलीकडे गेलं की संपलं. गॅलरीत बसलेले आजोबा नातवाला हे दोन्ही नियम श्रुतिस्मृतींच्या थाटात शिकवतात. पुस्तकात दोन्ही नाहीत.

मात्र दाद कुणी मागायची, हे पुस्तकानं बारकाईनं लिहून ठेवलं आहे. होम प्लेटच्या अंपायरनं ‘बॉल’ म्हटलं तर कॅचरनं किंवा मॅनेजरनं ‘जरा तिकडे विचारा’ म्हणावं. त्यानं आपणहून ‘स्ट्राइक’ म्हटलं तर मात्र विचारणा नाही. म्हणजे ज्याची बॅट, ज्याचं मन, ज्याचा हा सगळा प्रश्न, त्या बॅटरला अपिलाची सोय नाही. त्याहून सुंदर तरतूद पुढे आहे: निर्णय चुकला अशी तक्रार मॅनेजरनं करायची नाही, विचारलं नाही एवढीच करायची. ज्यांनी सरकारी कचेरीत अर्ज केले आहेत त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

मला मात्र हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वेगळ्याच कारणानं ओळखीचं वाटलं. याहून अवघड अपिलं मी लहानपणी लग्नाच्या पंगतीत पाहिली आहेत. आमच्या आजोबांना जिलबी प्रिय होती आणि डॉक्टरांनी ती बंद केली होती. वाढपी परात घेऊन समोर आला की आजोबांचा हात पानावर आडवा येई. आता पानावर हात आडवा घालण्याचेही प्रकार असतात. पानाला टेकलेला तळवा म्हणजे खरंच नको. चार बोटं वर धरलेला, बोटं जुळलेली, म्हणजे थोडा आग्रह होऊ द्या. आजोबांचा हात त्याहूनही वर असे, बोटं छान फाकलेली असत, आणि तोंडानं ‘नको, नको’ चालू असतानाच तो हात हळूहळू अशा जागी सरकत जाई की जिलबी सुटलीच तर तिला पानाचा रस्ता मोकळा मिळावा. वाढपी जुना, जाणता. तो जिलबी अधांतरी धरून थबकायचा आणि मान वळवून समोरच्या पंगतीकडे बघायचा. तिथे, दोन रांगांपलीकडे, बायकांमध्ये आजी बसलेली असे. वाढप्याला जवळून जे दिसत नव्हतं ते तिला तिथून स्वच्छ दिसत असावं. मसालेभात कालवता कालवता, मान वर न करता ती निकाल द्यायची, “वाढा. अर्धी.” आजोबा हताशपणे हात बाजूला घेत. हरल्याचा इतका तृप्त चेहरा मी नंतर कुठल्याही मैदानावर पाहिला नाही.

त्या ‘अर्धी’ची सोय बेसबॉलमध्ये नाही. अर्ध्या स्विंगला तिथे अर्धा स्ट्राइक मिळत नाही. माणूस निम्मा मोहात पडला होता आणि निम्मा सावरला होता, ही गोष्ट मैदानावरच्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते, पण धावफलकात तिला रकाना नाही. एक तर मोह पुरता लिहायचा, नाही तर संयम पुरता लिहायचा.

क्रिकेटवाल्यांनी यावर फार हसू नये. ऑफ स्टंपच्या रेषेबाहेर चेंडू पॅडवर आदळला, तर फलंदाजानं तो खेळण्याचा खराखुरा प्रयत्न केला होता का, हे आपल्याही पंचाला ठरवावं लागतं. 1957 साली एजबॅस्टनला इंग्लंडच्या पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी 411 धावांची भागी केली, ती वेस्ट इंडीजच्या रामाधीनचे किती चेंडू पॅडवर घेऊन, त्याची गणती नाही. बॅट पॅडला चिकटून, सोज्वळ चेहऱ्यानं खेळल्याचा आव आणत उभी. त्या डावात रामाधीननं 98 षटकं टाकली. पुढे कायद्यानं फलंदाजाच्या मनात डोकावायचं ठरवलं, त्यामागे असली पॅडंच होती. पण आपला पंच निदान समोरासमोर तरी असतो. बेसबॉलनं हे डोकावण्याचं काम मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या माणसाला दिलं.

अशा माणसांपैकी एक गेब मोरालेस. 14 ऑक्टोबर 2021 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कमध्ये तो फर्स्ट बेसला होता. जायंट्स आणि डॉजर्स हे न्यूयॉर्कमध्ये असल्यापासूनचे भाऊबंद वैरी. हंगामानंतरच्या फेऱ्यांत मात्र ते त्या वर्षी पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. जायंट्सनी हंगामात 107 सामने जिंकले होते, डॉजर्सनी 106. पाचव्या, निर्णायक सामन्याला सुरुवात होताना, मधल्या लढतींसकट, दोघांच्या नावावर 109 विजय होते. तराजूचा काटा इतका निश्चल क्वचितच असतो. नवव्या इनिंगमध्ये डॉजर्स 2-1 नं पुढे, जायंट्सचे दोन गडी बाद, एक जण फर्स्ट बेसवर, आणि बॅट घेऊन विल्मर फ्लोरेस. समोर मॅक्स शर्झर, ज्याच्याविरुद्ध फ्लोरेसला कारकिर्दीत सतरा प्रयत्नांत एकही हिट मिळाला नव्हता. दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला तो बाद. शर्झरनं बाहेर पळणारा स्लायडर टाकला, फ्लोरेसची बॅट निघाली आणि थांबली. कॅचरनं बोट केलं, प्लेटच्या अंपायरनं विचारलं, मोरालेसनं मूठ उगारली. सामना संपला, मालिका संपली, 107 विजयांचा हंगाम संपला. चेक स्विंगला व्हिडिओची दाद नसते, त्यामुळे वादही तिथेच संपायला हवा होता.

माझा एक भाचा सॅन होजेला असतो. तो वाद संपला असं तो मानत नाही. पुण्यात असताना त्याला बेसबॉलचा गंधही नव्हता. आता त्याच्या फोनमध्ये त्या चेंडूची चित्रफीत आहे आणि तो ती मला एकेक चौकट थांबवून दाखवतो. “बघ मामा, इथे बॅट कुठे आहे! बघ ना!” मी बघतो. बॅट नाही फिरली असंच मलाही वाटतं, आणि बहुतेक जगाला वाटलं. पण चित्र जितकं थांबवावं तितका फ्लोरेसचा बेत त्यातून नाहीसा होत जातो, हेही माझ्या लक्षात येतं. थांबवलेल्या चौकटीत इच्छा नसतेच, नुसतं लाकूड असतं. मोरालेसला जे दिसलं ते वाहतं होतं, एकदाच दिसणारं होतं. सामन्यानंतर त्यानं पत्रकारांना सांगितलं ते साधं होतं: आमच्या कामातल्या सर्वांत कठीण निर्णयांपैकी हा एक, मला अनेक कॅमेऱ्यांची सोय नव्हती, त्या क्षणी बॅट फिरली असं वाटलं. भाच्याला यात कारणं दिसतात. मला त्यात आजीपेक्षा कितीतरी एकटा माणूस दिसतो. तिला निदान आजोबांचा चाळीस वर्षांचा सराव होता.

आता यंत्रं आली आहेत. 2024 मध्ये ॲरिझोना फॉल लीगमध्ये आणि 2025 मध्ये फ्लोरिडाच्या एका कनिष्ठ लीगमध्ये कॅमेऱ्यांनी बॅटचा कोन मोजून पाहिला. बॅटचं टोक मुठीच्या 45 अंशांहून पुढे गेलं तर स्विंग, नाही तर नाही. अखेर हेतूला एक कोन मिळाला, आणि शाळेच्या कंपासपेटीत त्याचं मोजमाप मावेल अशी व्यवस्था झाली. अंपायरचं म्हणणं पटलं नाही तर बॅटरलाही या कॅमेऱ्यांकडे दाद मागता येते. इतक्या वर्षांनी त्याला अपील मिळालं हे रास्तच झालं. तरी मैदानात उभ्या राहिलेल्या तरुण मुलानं मोठ्या पडद्याकडे डोळे लावून, मला हे करायचं होतं का, याचं उत्तर मिळण्याची वाट पाहावी, यात काहीतरी गोड विनोद आहे. आम्हाला त्याच्या वयात हे सांगणारा पडदा असता तर अभियांत्रिकीच्या कित्येक जागा रिकाम्या राहिल्या असत्या.

फ्लोरेस त्या रात्री फार बोलला नाही. आपण बॅट फिरवली असं त्याला वाटत नव्हतं, पण हरायला इतर कारणंही होती, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून तो मोकळा झाला. अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्या गोष्टींशी त्याची ओळख जुनी होती. 2015 च्या जुलैमध्ये तो न्यूयॉर्क मेट्सकडून खेळत होता. व्हेनेझुएलातून सोळाव्या वर्षी त्यांनीच त्याला घेतलं होतं. 29 तारखेला सामना चालू असतानाच बातमी फुटली की मेट्सनी त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं आहे. प्रेक्षकांनी ती फोनवर वाचली, त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच्या कानावर गेल्यावर तो मैदानातच, बाहीनं डोळे पुसत, खेळत राहिला. रात्री उशिरा कळलं की सौदा मोडला. वैद्यकीय तपासणीवरून काहीतरी फिसकटलं होतं. मेट्सनी बॅट काढली होती आणि आवरली होती, आणि ती फिरली होती की नाही हे सांगायला कुठल्याच बेसवर कुणी उभं नव्हतं. दोन दिवसांनी, वॉशिंग्टनविरुद्ध, बाराव्या इनिंगमध्ये, 1-1 अशी बरोबरी असताना फ्लोरेसनं होम रन मारून सामना जिंकून दिला. या वेळी कॅचरनं कुणाकडे बोट दाखवलं नाही. होम प्लेटकडे धावत येताना त्यानं अंगातल्या शर्टावरचं ‘मेट्स’ हे नाव मुठीत घट्ट धरलं होतं, आणि पुढे सगळा संघ त्याला बुकलून काढायला उभा होता.