सोन्याची वायर

टीव्ही आणि ॲम्प्लिफायर जोडायला वायर आणायला गेलो, तर दुकानदाराने ऑप्टिकल केबल पुढे ठेवली. दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा! म्हणाला, "साहेब, आवाज खुलतो." आता या केबलमधून वीज जातच नाही, लाल उजेड जातो. तोशिबाने 1983 साली ही ऑप्टिकल जोडणी, टॉसलिंक, काढली तेव्हापासून तोच. उजेडाला सोन्याचं काय कौतुक? पण आपल्याकडे अंगावर सोनं घातल्याशिवाय सासरी पाठवायची पद्धत नाही, मग ती वायर का असेना.

बरं, ही नवरी सामानही बेतानेच आणते. दोन चॅनेलांचा साधा पीसीएम आवाज, नाही तर दाबून-दुमडून बसवलेला 5.1. काही न गाळलेला डॉल्बी ट्रूएचडी आवाज तिच्या पिशवीत मावतच नाही. त्याला एचडीएमआय हवी. टीव्हीतून मागे ॲम्प्लिफायरकडे न्यायचा तर एचडीएमआयची 2009 ची एआरसी सोयही पुरत नाही, 2017 ची ई-एआरसी लागते. आणि ती कुठल्या भोकात आहे, हे टीव्हीच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. वाचायचं तर टीव्ही भिंतीवरून उतरवा.

केबलमधून जायचं काय असतं? शून्य आणि एक. नीट पोचले तर पोचले, नाही तर आवाज तुटतो. 'थोडा गोड एक' आणि 'जरा मखमली शून्य' असा प्रकार नसतो. हे मी दुकानदाराला सविस्तर समजावलं. त्याने शांतपणे बिल केलं.

केबल यंदा लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवणार आहे.