तोंडाला पुसायची पाने

आपली त्वचा कोणत्या प्रकारची, हे घरच्या घरी ओळखता येतं. सौम्य फेसवॉशने तोंड धुवायचं आणि तासभर काहीही लावायचं नाही. कातडी ओढली गेली तर कोरडी, सगळीकडे तेल सुटलं तर तेलकट, नुसतं कपाळ-नाक चमकलं तर मिश्र. या चाचणीत मोठा दोष असा, की ती फुकट आहे. शिवाय काहीही न लावता तासभर बसायचा संयम आता फक्त उमेदवारी यादीची वाट पाहणाऱ्या कार्यकर्त्यांकडेच उरलाय.

म्हणून आपण दुसऱ्याचा चेहरा बघून आपली क्रीम ठरवतो. सोलमधली मुलगी दहा थर लावते, तर आमची भगिनीही दादरच्या फलाटावर दहा थर लावून उभी. सोलच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो, हवा कोरडी ठक्क. दादरला जूनमध्ये हवेत इतकं पाणी असतं की डब्यातल्या कुरडया सादळतात. आठवा थर चढेपर्यंत पहिला हनुवटीवरून ओघळून पदराला लागलेला असतो.

दुसरा पक्ष रसायनवाल्यांचा. शाळेत लिटमसचा कागद बघून ज्यांना घाम फुटायचा, ते आता सकाळी नायसिनामाइड, संध्याकाळी सॅलिसिलिक, रात्री रेटिनॉल असं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतात. तोंड भाजलं की ‘पर्जिंग चाललंय’ म्हणायचं. याउलट घरगुती पक्ष बेसनात लिंबू पिळतो. त्वचेचा पीएच पाचाच्या आसपास, लिंबाचा दोनच्या. पण नैसर्गिक आहे ना, मग अपाय कसा होईल? खाजकुयलीही नैसर्गिकच. कैलास जीवनवाले मात्र या वादात पडत नाहीत. भाजलं, कापलं, टाच फुटली, मुरूम आला, उपाय एकच. त्यांच्या लेखी त्वचेचा प्रकारही एकच: मराठी.

इथपर्यंत गंमत आहे. पुढे औषधाचं दुकान लागतं. ‘उजळायला काहीतरी द्या’ म्हटलं की एक नळी पुढे येते. तिच्यात स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन असा तिघांचा संसार. २०१८ साली सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नका म्हणून सांगितलं. काही दुकानांत ती नळी वरच्या फळीवरून खालच्या खणात गेली. चेहरा थोड्याच दिवसांत उजळतो. शेजारीण नाव विचारते, जाऊबाई फोटो काढून घेते. ‘हीच सूट झाली बघ!’ मग हळूहळू कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ उठतं, गालावर लव वाढते. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायची. असं हक्काचं गिऱ्हाईक सावकारालाही मिळत नसे.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा. तो लिहून देतो: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. आणि नवीन काही आणलंच, तर आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. एवढी फी घेऊन तीनच वस्तू? बाहेर पडताना घरच्यांचं एकमत होतं, की डॉक्टर नवशिका दिसतोय.

तरी सनस्क्रीन घेतलं जातं. त्यातही एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के अतिनील-बी किरणं अडवतो आणि ५० सुमारे ९८, पण तो एक टक्का सोडेल तो मराठी माणूस कसला! दुकानात असेल तो सर्वांत मोठा आकडा घरी येतो. मग कळतं की ते चेहऱ्याला दोन बोटं भरून लावायचं, उन्हात असलो तर दर दोन तासांनी पुन्हा. ‘इतकं महागाचं, रोज कुठे वापरायचं?’ म्हणून नळी वन्संच्या लग्नासाठी राखून ठेवली जाते.

मुहूर्त गोरज आहे.